पहिल्या आठवड्याची सोबत

दुपारची कामे आटोपली, की हल्ली आमच्या इंदूरच्या मराठी घरांतून कुणी सूनबाई किंवा नुकतेच निवृत्त झालेले काका वही घेऊन संगणकासमोर बसलेले दिसतात. ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलेले असते. नाव घालणे सोपे, टिकणे मात्र कठीण. २०१२ साली अमेरिकेतील एमआयटीने विद्युत-मंडलांचा खुला अभ्यासक्रम चालविला, तेव्हा सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नावे नोंदविली. उत्तीर्ण झाले ७ हजारांच्या आसपास.

त्यांतले कित्येक नुसते डोकावण्यासाठी आले असतील. परंतु ज्यांना मनापासून शिकावयाचे असते, तेही गळतात ते बहुधा एकटेपणामुळे, असे आम्हांस वाटते. वर्गात शेजारणीला हळूच विचारता येते, "बाईंनी काय सांगितलं गं?" येथे विचारावे कुणाला?

आमच्या परिचयातील एका सूनबाईंनी 'स्वयम्' या २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी व्यासपीठावर एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. दुसऱ्याच आठवड्यात घरी पाहुणे आले आणि स्वाध्यायाची मुदत टळली. सारे संपले असे समजून त्यांनी वही मिटली. सासूबाईंनी विचारले, तर "नाही जमलं, आई," एवढेच उत्तर. वस्तुतः या अभ्यासक्रमांत बारांपैकी उत्तम अशा आठच स्वाध्यायांची सरासरी धरतात. तिला २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेला ७५. हे सारे आरंभीच लिहिलेले होते. पण नवखा माणूस त्या मजकुरावरून घाईने पुढे जातो. आम्हीही गेलो असतो! शेजारच्या एका विद्यार्थ्याने, जो स्वतः या वाटेने गेला होता, ते समजावले तेव्हा कुठे वही पुन्हा उघडली.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये टपाल व दूरचित्रवाणीच्या साहाय्याने शिकविण्यास आरंभ केला, तेव्हाही विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक शिक्षक आणि अभ्यासकेंद्रे ठेवली होतीच. आपल्या घरी एवढा सरंजाम नको. पहिल्या आठवड्यात कुणी जवळ बसून मुदतीच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मांडाव्यात, चर्चेच्या पानावर पहिली शंका लिहावयास लावावी. "किती गुण पडले?" हा प्रश्न तूर्त नको, "या आठवड्यात काय पाहिलंस?" असे विचारावे.

त्या सूनबाईंच्या घरी आता मुदतीच्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक सासूबाई करतात.