स्टीअरिंग कण्हतंय, पण दुखतंय कुठं?

बोनेटखाली : लेखांक ९

गेल्या आठवड्यात ब्रेक झाले, आता स्टीअरिंग. दोन वर्षांपूर्वी माझी जुनी डिझेल गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळताना अचानक रेड्यासारखी रेकू लागली. सरळ रस्त्यावर चूप. स्टीअरिंग जरा जास्त फिरवलं की ‘घूंऽऽ’. एका गॅरेजवाल्यानं बोनेटला हातही न लावता सांगून टाकलं, ‘‘साहेब, पंप गेला.’’ नव्या पंपाचा आकडा ऐकला आणि मी गाडी मुकाट घरी आणली. तो ‘गेलेला’ पंप आजही चालतोय.

आधी आपल्या गाडीत हा पंप आहे का ते बघा. बोनेट उघडल्यावर झाकणावर स्टीअरिंगचं चित्र असलेली छोटी टाकी दिसली, तर पॉवर स्टीअरिंग तेलावर चालतं. बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा यांचं असंच. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तेलाऐवजी इलेक्ट्रिक मोटर असते. अशी गाडी असेल तर आजचा लेख शेजाऱ्याला वाचायला द्या.

तेलाचं काम समजायला सोपं आहे. इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो, टाकीतलं तेल ओढतो आणि दाबानं स्टीअरिंगच्या रॅककडे ढकलतो. तुम्ही ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला हे तेल रॅकला रेटा देतं, आणि काम झालं की टाकीत परत येतं. स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून धरलं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘फुल लॉक’ केलं, की दाब ८० ते १०० बारच्या घरात जातो. टायरमधल्या हवेच्या साधारण चाळीसपट! त्या वेळी सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि हलकं ‘सुस्स’ ऐकू येतं. तो आजार नव्हे. फक्त फुल लॉकला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तेल तापतं.

बाकीचे आवाज मात्र ओळखायला हवेत. पावसाळी सकाळी गाडी सुरू करून वळवताना ‘कुईंऽऽ’ अशी किंकाळी आली, तर तो पट्टा. चालू पट्ट्यावर लांबून पाण्याची हलकी फवारणी करा. आवाज वाढला तर पट्टा ढिला आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. हे करताना ओढणी, मफलर, बाह्या आणि बोटं लांब ठेवा. खड्ड्यातून जाताना ‘खट्ट’ वाजत असेल तर तेलाचा काही संबंध नाही. तिथं टाय रॉड एंड किंवा स्टीअरिंगच्या दांड्याचा सांधा बघायचा.

आता आपलं ‘घूंऽऽ’. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : पंपाच्या तोंडी तेलाबरोबर हवा जाते. टाकीतलं तेल खाली गेलं असेल तर हे उघडच आहे. तेल भरा, आणि ते कुठून गळतंय तेही शोधा. हे तेल जळून संपत नाही, त्यामुळे पातळी उतरली म्हणजे गळती आहेच. माझी पंचाईत वेगळी होती. टाकी भरलेली, खाली थेंब नाही, तरी रेकणं चालूच.

मेख होती टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या रबरी पाइपात. या पाइपात दाब नसतो, ओढ असते. इंजिनच्या उष्णतेनं रबर कडक झालं, क्लिप सैल पडली, की तिथून तेल बाहेर येत नाही. बाहेरची हवा आत जाते. म्हणून फरशी कोरडी आणि पंप बेजार.

हवेचे पुरावे तीन. इंजिन चालू ठेवून टाकीचं झाकण उघडा आणि कुणाला तरी स्टीअरिंग फिरवायला सांगा. तेलावर ताक घुसळल्यासारखा फेस दिसला तर हवा आहे. मग इंजिन बंद करा. दाबलेले बुडबुडे फुगतात आणि टाकीतली पातळी डोळ्यांदेखत वर चढते. तिसरा पुरावा मला सगळ्यात आवडतो : चालू गाडीत पाइपच्या जोडावर त्याच तेलाचे दोन-चार थेंब टाका. आवाज क्षणभर बदलला तर चोर सापडला.

मी वीतभर पाइप आणि दोन्ही क्लिपा बदलल्या. मग एअर काढली, आणि इथंच लोक घाई करतात. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टँड लावायचे, इंजिन बंदच ठेवायचं आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवायचं. मध्ये मध्ये तेल भरत राहायचं. इंजिन आधीच सुरू केलं तर पंप हवेचे बारीक बुडबुडे करून तेलात मिसळतो, मग ते तासन्‌तास निघत नाहीत. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करून तोच खेळ पुन्हा. एवढं करूनही, स्वच्छ तेलात फेस नसताना, पंप कण्हत राहिला तर मात्र तो खरंच झिजलाय. टाकीच्या तळाची जाळी गाळानं तुंबली असेल तरी असाच आवाज येतो, म्हणून पंपाचा निकाल लावण्याआधी तीही बघून घ्या.

तेल कुठलं घालायचं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ‘सगळं एकच’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. त्यानं आतली रबरी सीलं फुगून खराब होतात आणि मग पंपच काय, रॅकही बदलावी लागते.

आणि गॅरेजमध्ये ‘पंप बघा’ असं म्हणू नका. आवाज कधी येतो, गार इंजिनला की तापल्यावर, कुठल्या बाजूला वळवताना, एवढंच सांगा. पुढच्या आठवड्यात : हात सोडला की गाडी एका बाजूला का ओढते?