घंटेच्या आधी

चर्चची घंटा वाजते, मंडळी आत येऊन बसते, पाळकसाहेब वेदीपुढे उभे राहतात आणि उपासना सुरू होते. लोकांना दिसते ती एवढी. सतरंज्या झटकणे, पेटीच्या भात्यातली धूळ काढणे, माइकची वायर जोडणे, प्रभूभोजनाचे पेले धुऊन पालथे घालणे, फळ्यावर गीतांचे क्रमांक लिहिणे ही कामे घंटेच्या आधीची. आधी लातूरला आणि पुढे नोकरीनिमित्त नांदेडला मी पेटीवर बसत आलो, त्यामुळे माझा रविवार कायम या बाजूने सुरू झाला. मराठवाड्यात आमच्या उपासनेवर जे प्रसंग आले, तेही मी इथूनच पाहिले. त्यातले तीन सांगतो.

कडुनिंबाखालचे प्रभूभोजन

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून झोपलेली गावे दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. लातूर शहर उभे राहिले, पण छताखाली झोपण्याची हिंमत कोणाला होत नव्हती.

तो गुरुवार होता. रविवारी ३ ऑक्टोबर आला. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्याकडे प्रभूभोजन. आम्ही सवयीने बाके पुसून ठेवली. मंडळी आली आणि पायरीपाशीच थांबली. बायकांनी लेकरांना घट्ट धरले होते. पाळकसाहेबांनी ते पाहिले, आत जाऊन वेदीवरचे पांढरे कापड स्वतः उचलून आणले आणि आवारातल्या कडुनिंबाखाली टेबल मांडायला सांगितले. पेटी बाहेर आली. गीतांची पुस्तके मात्र आत, तडा गेलेल्या भिंतीच्या कपाटात होती आणि त्या खोलीत कोणी पाऊल टाकायचे नाही, अशी सक्त ताकीद होती.

मागे बसणाऱ्या एका आजींनी ती अडचण सोडवली. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी नारायण वामन टिळकांचे एक भजन सुरू केले आणि मंडळीने ते मागून धरले. मग कृष्णराव सांगळ्यांचे एक झाले. सांगळे अहमदनगरचे ख्रिस्ती कीर्तनकार. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगाचा आणि भजनाचा सूर ख्रिस्ती उपासनेत घट्ट रुजवला, आणि ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी गीते आहेत. त्या सकाळी पेटीवर बसून मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. परदेशी चालीवरचे गीत पहिल्या कडव्यानंतर विरून जाई. टिळकांचे गीत शेवटच्या कडव्यापर्यंत पोहोचे, कारण ते लोकांच्या पाठ होते. आजी एकेक गीत उचलत गेल्या आणि मी त्यांच्या मागे सूर शोधत गेलो.

पाळकसाहेबांनी संदेशाचे टिपण बाजूला ठेवून एलीयाची गोष्ट वाचली. डोंगरावर वारा सुटला, भूकंप झाला, आग आली; परमेश्वर त्यांत नव्हता, तो मागाहून आलेल्या हळुवार आवाजात होता. वाचन संपल्यावर त्यांनी भाष्य केले नाही. भाकर आणि पेला दिला, पण शेवटचा आशीर्वाद तिथे उच्चारला नाही. दुपारी भाकरी, चटणी आणि चादरींची गाठोडी घेऊन आम्ही पावसाच्या चिखलातून औसा तालुक्यातल्या एका पडलेल्या गावात गेलो. गाठोडी रिकामी झाल्यावर त्या गावच्या रस्त्यावर उभे राहून त्यांनी आशीर्वाद दिला. उपासना तेव्हा पूर्ण झाली.

पाचवा उद्गार

२०१६ चा मार्च. मांजरा धरण आटले होते. पाण्याच्या टाक्यांवर हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून लातुरात १४४ कलम लागू झाले होते. त्या वर्षी उत्तम शुक्रवार २५ मार्चला आला. दुपारी बारा ते तीन ही उपासना चालते. क्रुसावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. कोणता उद्गार कोणाला द्यायचा, ही यादी महिनाभर आधी ठरते. पाचवा उद्गार तहानेचा. सगळ्यांत लहान म्हणून तो बहुधा नवख्या माणसाला मिळतो. त्या वर्षी तो महिला मंडळातल्या एका भगिनीला दिला होता.

चौथा उद्गार संपत आला तरी त्या आलेल्या नव्हत्या. मी पेटीवर गीत लांबवत राहिलो. त्या आल्या तेव्हा पदर ओला होता. गल्लीत टँकर आला होता आणि नंबर सोडता येत नव्हता. कागद घरीच राहिला होता. त्या एवढेच म्हणाल्या, “येशूला तहान लागली तेव्हा लोकांनी त्याला आंब दिली. आपल्या दारात कोणी पाणी मागतो तेव्हा आपण काय देतो, ते आज प्रत्येकाने घरी जाऊन बघावे.” आणि त्या बसल्या.

त्या चर्चच्या आवारातल्या बोअरला तेव्हा थोडे पाणी होते आणि कमिटीने त्यावर कुलूप घातले होते. तीन वाजता लोक पांगले, कमिटी मात्र बसून राहिली. संध्याकाळी कुलूप निघाले आणि गल्लीतल्या प्रत्येक घराला, ते कोणत्याही धर्माचे असो, घागरी ठरवून पाणी मिळू लागले. रविवारी २७ मार्चला ईस्टर झाला तो कागदी फुलांवर, आणि त्या उन्हाळ्यात बाप्तिस्म्याला वाटीभर पाणी पुरले. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. बोअरवरची रांग मात्र पावसाळ्यापर्यंत चालू राहिली.

शेवटी एक सलाम

पुढचा किस्सा नांदेडचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि १२ एप्रिलचा ईस्टर बंद दारांआड झाला. पाळकसाहेब रिकाम्या बाकांसमोर उभे राहत. गीतांच्या पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला मोबाइल हीच मंडळी. व्हिडिओवर सगळे एकत्र गाऊ लागले की प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरा पोहोचे आणि ताल मोडे. म्हणून सगळ्यांचे माइक बंद, एक गाणारा आणि माझी पेटी, असे ठरले. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता, त्यांना आम्ही फोनवर एकत्र जोडून घ्यायचो.

नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे, त्यामुळे मंडळीत तेलुगू कुटुंबेही आहेत. त्यांतले एक निवृत्त काका एकटे राहत. त्यांनी मला फोन करून सांगितले, “संदेश कळतो, गाणे ऐकू येते. पण माझा आवाज आठवडाभर कोणी ऐकलेला नसतो.” पुढच्या रविवारपासून आशीर्वादानंतर सगळ्यांचे माइक चालू करायचे आणि प्रत्येकाने एकदा सलाम म्हणायचा, असा पायंडा पडला. लेकरे, म्हाताऱ्या, स्वयंपाकघरातल्या बायका, सगळ्यांचे सलाम एकमेकांवर आदळत. त्यात ना सूर होता ना ताल. पण सबंध उपासनेत देव सर्वांत जवळ वाटायचा तो त्या गलक्यात.

१६ नोव्हेंबर २०२० ला प्रार्थनास्थळे उघडली. २०२१ मध्ये नांदेड जिल्ह्यात २५ मार्च ते ४ एप्रिल पुन्हा टाळेबंदी लागली आणि झावळ्यांच्या रविवारापासून ईस्टरपर्यंतचा सबंध आठवडा तिच्यात गेला. या खेपेस धावपळ झाली नाही. सलामांची यादी तयार होती. तिच्यातली काही नावे मात्र आता हाक मारण्यासाठी उरली नव्हती. ती प्रार्थनेत घेतली गेली.

या सगळ्यातून माझा एक विश्वास पक्का झाला आहे. उपासनेची एखादी सोय हातची गेली, की तिच्या जागी एक माणूस उभे राहते, आणि ते बहुधा आजवर कोणाच्या नजरेत न भरलेले असते. निरक्षर आजी, टँकरच्या रांगेतून आलेली भगिनी, एकटे काका. देवाचे सान्निध्य मी शोधले ते वेदीपाशी, आणि मला ते मिळाले या माणसांमध्ये. वेदी हवीच, पेटी हवीच, छप्पर तर हवेच. पण त्यांच्यावाचूनही देव येतो, हे मराठवाड्याने मला दाखवले.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगतो. आपल्या लेकरांकडून चार गीते तोंडपाठ करून घ्या. पुस्तक नसेल त्या दिवशी तीच कामी येतील. आणि येत्या रविवारी घंटेच्या आधी पोहोचा. सतरंजीचे दुसरे टोक धरायला माणूस हवेच असते.