उन्हाळ्यासाठी कैरी-काकडीचे थंड सार

चैत्र-वैशाखात वादळी वारे सुटले म्हणजे आंब्याच्या झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. पाड लागण्यापूर्वी गळालेल्या या कैऱ्यांना बाजारात फारसा भाव मिळत नाही. पुष्कळशा जागीच सडून जातात. याच दिवसांत नांगरट, उन्हाळी कांद्याची काढणी यांसारखी कामे चालू असतात. काम करणाऱ्यांच्या अंगातून घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. नुसत्या पाण्याने तहान भागली, तरी मिठाची उणीव भरून निघत नाही. कैरी, काकडी, गूळ व मीठ यांचे थंड सार अशा वेळी उपयुक्त ठरते. ते थंड करण्यास बर्फाची मुळीच आवश्यकता नाही.

साहित्य (सहा माणसांसाठी) : मध्यम आकाराच्या 2 कैऱ्या (सुमारे 400 ग्रॅम), 2 कोवळ्या काकड्या, 150 ग्रॅम गूळ, उकळून निवविलेले दीड लिटर पाणी, 1 लहान चमचा मीठ, 1 लहान चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडा पुदिना किंवा कोथिंबीर.

कृती :

(1) कैऱ्यांचे देठ कापून त्या अर्धा तास पाण्यात ठेवाव्यात व चोळून धुवाव्यात. देठाजवळचा चीक पोटात गेल्यास तोंड व घसा खवखवतो.

(2) कैऱ्या वाफेवर मऊ होईपर्यंत उकडाव्यात. पाण्यात बुडवून उकडल्यास क जीवनसत्त्वाचा काही अंश त्या पाण्यात उतरून वाया जातो.

(3) साल व कोय काढून गर घोटावा. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळावा व गरात मिसळावा. उरलेले पाणी, मीठ व जिरेपूड घालून सार झाकून ठेवावे.

(4) काकडी किसून व पुदिना चिरून तो सार पिण्याच्या वेळीच घालावा. काकडी आधी घातल्यास सार लवकर नासते.

थंड करण्याची रीत : मातीच्या रुंद कुंड्यात ओली वाळू पसरून त्यात साराचे झाकलेले भांडे ठेवावे व भोवती वाळू भरावी. वर ओले कापड टाकून कुंडा सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी ठेवावा. वाळूतील पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते व भांडे थंड होते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ही रीत चांगली साधते. कोकणच्या दमट हवेत तिचा गुण कमी येतो. वाळू सुकू देऊ नये.

घ्यावयाची काळजी : कैरी आंबट असल्याने कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात सार कधीही करू अथवा ठेवू नये, धातू सारात उतरून विषबाधा होऊ शकते. स्टीलचे भांडे उत्तम. काकडीचा तुकडा आधी चाखून पाहावा. कडू निघाल्यास ती संपूर्ण टाकून द्यावी, कारण त्या कडूपणाने उलट्या व जुलाब होण्याचा संभव असतो. ज्या झाडावर औषध फवारले आहे, त्याच्या कैऱ्या डब्यावर सांगितलेला काळ उलटल्याखेरीज घेऊ नयेत. सकाळी केलेले सार दुपारीच संपवावे. मधुमेह असणाऱ्यांनी गुळाविषयी व रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हे सार उष्माघातावरील औषध नव्हे, हेही प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. एखादा मनुष्य बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नये. त्यास सावलीत न्यावे, अंग गार पाण्याने भिजवून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ग्रामसेवक व कृषी सहायकांनी कैरीच्या हंगामात बचत गटाच्या बैठकीत या कृतीचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. वाळूत ठेवलेल्या व उघड्यावर ठेवलेल्या साराची चव शेजारी शेजारी दिली, म्हणजे कुंड्याचा उपयोग वेगळा पटवून द्यावा लागत नाही.