अमूर्त चित्र घेताय?

दिवाणखान्यासाठी अमूर्त चित्राची फ्रेम केलेली प्रत घ्यावीशी वाटते, पण सासूबाईंनी विचारलं, “यात आहे तरी काय?” तर? मैत्रिणींनो, त्यासाठी अडू नका. लुगड्याचा रंग आवडला, की त्याचा अर्थ कुणी विचारतं का? १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या नंतरच्या चित्रांतही माणसं-झाडं नाहीत, रंगच बोलतात.

घेताना मात्र पारखून घ्या. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट हवा, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. उन्हानं रंग उडतात, ओलीनं बुरशी धरते. म्हणून कोरडी, सावलीतली भिंत निवडा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५ फुटांवर यावा.

आणि पसंती? ती तुमचीच. रोज बघणार तुम्ही ना!