परदेश प्रवासाचा विमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेश प्रवासाचा विमा हा मोजक्या दिवसांचा करार असतो. परदेशात अचानक आलेले आजारपण, अपघात, मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च, सामान हरवणे, प्रवास रद्द होणे अशा प्रसंगी तो ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई देतो. भारतीय कंपन्यांची पॉलिसी साधारणपणे भारत सोडण्यापूर्वीच घ्यावी लागते.

सर्वांत जुना गैरसमज असा, की घरचे मेडिक्लेम कार्ड परदेशातही चालते. मिरजेत तो रुजायला कारणही आहे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभारले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव. बेळगाव-विजापूरकडचे रुग्णही येथेच येतात. उपचार हाकेच्या अंतरावर मिळणारच, हे येथील माणसाच्या अंगवळणी पडले आहे. परदेशातील मुलाकडे निघालेले आईवडील मग मेडिक्लेमच्या भरवशावर राहतात. पण सर्वसाधारण मेडिक्लेम भारतापुरताच असतो. सत्तरीपुढच्यांना 5 लाख रुपयांचे संरक्षण देणारे आयुष्मान वय वंदना कार्डही देशातील संलग्न रुग्णालयांतच चालते. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावर 45 पैशांत मिळणारा विमा तर फक्त त्या गाडीच्या अपघातापुरता. मुंबईच्या विमानतळापासून पुढच्या प्रवासाशी त्याचा काही संबंध नाही.

‘तिकडे सरकार बघते’ ही समजूतही महागात पडते. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने अत्यवस्थ रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे, मात्र बिल माफ होत नाही. ब्रिटनमध्ये तातडीच्या विभागातील उपचार मोफत असतात. दाखल झाल्यावर परदेशी पाहुण्याकडून सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते आणि ती थकवली तर पुढचा व्हिसा अडू शकतो.

वयस्कर प्रवाशांची खरी अडचण जुन्या दुखण्यांची. मधुमेह असला की विमा मिळतच नाही, असे काही जण धरून चालतात. विमा निघाला म्हणजे सगळे त्यात आले, असे बाकीचे मानतात. दोन्ही चूक. विमा मिळतो, पण जुन्या आजारातून उद्भवलेला खर्च बहुधा वगळलेला असतो किंवा जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरता छोट्या मर्यादेत दिलेला असतो. साठीनंतर अनेक पॉलिसींत खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया यांवर स्वतंत्र मर्यादा येतात; एकूण रक्कम मोठी दिसते, हाती पडते ती यातली छोटी. हप्ता वाचावा म्हणून अर्जात शुगर लपवणे हा तर शुद्ध वेडेपणा. दाखल करताना डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘बीपी, शुगर किती वर्षांपासून?’ उत्तर केसपेपरवर जाते आणि तोच कागद दाव्याबरोबर कंपनीकडे पोहोचतो.

व्हिसाला चालली ती पॉलिसी पुरेशी, हेही खरे नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे संरक्षण लागते. ती प्रवेशाची अट आहे, खर्चाचा अंदाज नव्हे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची अटच नाही, आणि उपचार सर्वांत महाग तेथेच. अमेरिकेसाठी विमा निवडताना दर बाबीला ठरीव रक्कम देणारी स्वस्त योजना आणि एकूण बिलाचा मोठा हिस्सा उचलणारी योजना यांतला फरक आधी पाहावा. क्रेडिट कार्डाबरोबरचा विमा बहुधा अपघातापुरता असतो.

सामानाची मोडतोडही विम्यात येते, हा गैरसमज मिरजेत विशेष महत्त्वाचा. येथील सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये कलावंतांबरोबर जगभर जातात. वाद्याचा भोपळा म्हणजे वाळवलेले फळ. पेटी आदळली तर त्याला तडा जातो, आणि मानेशी असलेला सांधा सुटतो. प्रवासविमा अशा वेळी बहुधा कामाला येत नाही. अनेक पॉलिसी चेक-इन सामान पूर्ण हरवले तरच पैसे देतात, मोडतोड वगळतात, शिवाय एका वस्तूमागे रकमेचा छोटासा हिस्साच मान्य करतात. वगळलेल्या मौल्यवान वस्तूंच्या व्याख्येत काही ठिकाणी वाद्येही येतात.

मोडतोडीची जबाबदारी विमान कंपनीवर टाकणारा मॉन्ट्रियल करार भारताने 2009 मध्ये स्वीकारला. त्यानुसार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. विमानतळ सोडण्यापूर्वीच पेटी उघडून पाहिली आणि तेथेच नोंद करून घेतली, तर पुढचा वाद टळतो. भरपाईची कमाल मर्यादा प्रतिप्रवासी ठरलेली आहे. वाद्य त्याहून महाग असेल तर सामान सोपवताना जास्त किंमत जाहीर करून वेगळे शुल्क भरता येते. स्वतंत्र वाद्यविमा काढणे अधिक सोयीचे.

कॅशलेस म्हणजे पॉलिसी दाखवली की झाले, असे नसते. पॉलिसीवर छापलेल्या मदत क्रमांकावर आधी फोन करावा लागतो, तो करण्याचे भान घरच्या माणसालाही हवे. किरकोळ बिले स्वतः भरून परत आल्यावर मागायची असतात आणि त्यांतली सुरुवातीची काही रक्कम प्रवाशाच्याच खिशातून जाते. मुक्काम लांबला तर मुदतवाढ पॉलिसी संपण्यापूर्वी मागावी.

दावा नाकारला की सगळे संपले, असेही नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी दाद मागावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मिरजेसह सांगली जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.