वादळ, खंडित वीज आणि गोदामावरील कॅमेरा

सांप्रत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र, जिनिंग, धान्याचे गोदाम किंवा अडत्याचे दुकान, काहीही घ्या, दारावर राखणीचा कॅमेरा बसविलेला आढळतो. भाव येईपर्यंत सोयाबीन राखून ठेवणारे कित्येक शेतकरी बंधूही आपल्या कोठारावर तो बसवू लागले आहेत. ही गोष्ट इष्टच होय. परंतु हा राखणदार विजेवर जगणारा आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. राखणीची खरी गरज वादळाच्या काळोख्या रात्री. आणि नेमक्या त्याच रात्री हा डोळे मिटून बसतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका गोदामात असाच प्रसंग घडला. वैशाखातील एका सायंकाळी वादळ होऊन विजेचे खांब पडले व दोन दिवस वीज आली नाही. तिसऱ्या दिवशी थप्पी मोजता सोयाबीनची नऊ पोती कमी भरली. चित्रण पाहू गेले, तो वीज गेल्या क्षणापासून सर्व कोरे. संशय साहजिकच तेथे निजणाऱ्या वृद्ध राखणदारावर आला, आणि अपमान सहन न होऊन त्याने काम सोडले. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरात गेलेली असल्यामुळे वह्या तपासण्यास बोलावणे आले. जावक वही व काट्याच्या चिठ्ठ्या ताडता असे निघाले की, वीज गेल्यावर माल भिजू नये म्हणून घाईने भरलेल्या एका गाडीत ती नऊ पोती चुकून चढली होती. पोती परत आली. राखणदार मात्र आला नाही. कॅमेरा चोरास धरण्यासाठी असतो खरा, पण निर्दोषास सोडविण्यासाठी तो त्याहून अधिक उपयोगी आहे. म्हणून तो चालू ठेवण्याविषयी चार गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट विजेच्या साठ्याची. हा हिशेब प्रत्येकाने स्वतः मांडावा. साधा कॅमेरा रात्रीच्या त्याच्या अदृश्य दिव्यांसह सुमारे ६ वॅट वीज घेतो असे धरू. चार कॅमेऱ्यांचे २४, चित्रण साठविणाऱ्या यंत्राचे १६ व इंटरनेटच्या राउटरचे १० मिळून ५० वॅट झाले. बारा व्होल्ट व दीडशे ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. तथापि बॅटरी दीर्घकाळ टिकावयाची तर निम्मीच वापरावी, राहिले ९००. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा वाया जातो असे धरल्यास हाती ७२० उरतात. म्हणजे सुमारे चौदा तासांची सोय झाली. वीज लवकर येण्याची चिन्हे नसल्यास राउटर व दोन कॅमेरे बंद करावेत; मग २८ वॅटवर तीच बॅटरी पंचवीस तास पुरते. त्याच इन्व्हर्टरवर छताचा पंखा लावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जुना पंखा एकटाच सत्तर वॅटच्या आसपास खातो. शेतपंपाच्या फिडरला वीज ठराविक तासच मिळते. सबब मळ्यातील गोदामास सौर पाटी जोडणे श्रेयस्कर. परंतु श्रावणातील झडीत पाटी फारच थोडी वीज देते, म्हणून बॅटरी मोठी असावी.

दुसरी गोष्ट आकाशातील विजेची. ती दूर कोसळली तरी तारांतून दाबाचा लोंढा येतो व यंत्रे जळतात. यासाठी मुख्य खटक्यापाशी सर्ज प्रोटेक्टर बसवावा. परंतु अर्थिंग चांगले नसेल तर तो व्यर्थ होय. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याचा परिपाठ ठेवावा. कॅमेरा दूरच्या फाटकावर असेल तर तांब्याच्या तारेऐवजी काचतंतूची तार घ्यावी. तिच्यातून वीज वाहत नाही. शिवाय तांब्याची जाळ्याची तार शंभर मीटरच्या पुढे भरवशाची नसते. अगदी जवळ वीज पडल्यास मात्र कोणताही उपाय पूर्ण खात्रीचा नाही. गडगडाट चालू असता शिडी लावून कॅमेरा पाहण्यास कोणीही चढू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ते मोबाईलवर असावे.

तिसरी गोष्ट वारा व पाण्याची. कॅमेरा टिनपत्र्यास न ठोकता भिंतीस किंवा लोखंडी अँगलला घट्ट बसवावा. त्यावर आयपी ६६ किंवा ६७ असा अंक असावा. पहिला सहाचा अंक धुळीपासून व दुसरा पाण्यापासून संरक्षण दर्शवितो. तार आत शिरते तेथे तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून पडते. यंत्र व बॅटरी जमिनीवर ठेवू नयेत. जुलै २०२३ मध्ये घाटाखालील संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने घरादारांत पाणी शिरले, ही आठवण ताजी आहे. छातीएवढ्या उंचीवर फळी मारून तीवर यंत्र ठेवावे, व उंदरांसाठी तारा नळीतून न्याव्यात.

चौथी गोष्ट चित्रणाची व वेळेची. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप चित्रण सुरू करते की नाही, आणि घड्याळ बरोबर राहते की नाही, हे पाहावे. आतील लहान सेल संपला असल्यास तारीख चुकते, आणि चुकीच्या तारखेच्या चित्रणावर उलटतपासणीत सहज शंका घेता येते. काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढते. म्हणून घटना घडताच नक्कल काढून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशा नकलेसोबत प्रमाणपत्र लागते, हेही ध्यानात असावे.

शेवटी एक सूचना. अक्षय्य तृतीयेस आपल्या जिल्ह्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते व पावसाचे भाकीत ऐकण्यास सर्वांचे कान लागतात. त्याच दिवशी प्रत्येकाने आपल्या गोदामाचा मुख्य खटका पाडावा, रात्रभर तसाच ठेवावा व सकाळी चित्रण पाहावे. भाकीत काहीही निघो, आपला राखणदार किती तास जागा राहतो हे तरी निश्चित कळेल. आणि कॅमेरा असला तरी आवक-जावकीची वही रोजच्या रोज लिहावी; तिला वीज लागत नाही.