दोनच शर्यतींचा घोडा आणि वजनाचे कोडे

पुणे : सदाशिव पेठेतील एखाद्या अभ्यासिकेत नवख्या उमेदवाराने पहिल्याच सराव परीक्षेत भरघोस गुण मिळविले, तरी त्याचा मुख्य परीक्षेतील क्रमांक सांगण्याचे धाडस कोणी करणार नाही. दहा चाचण्यांचे गुण समोर असतील, तर अंदाज बांधता येतो. तेथून पाचएक किलोमीटरवर, एम्प्रेस गार्डनशेजारच्या रेसकोर्सवर, पावसाळी मोसमात असाच अंदाज अधिकृतपणे आणि किलोच्या हिशेबात बांधावा लागतो.

हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन आणि दुबळ्याच्या पाठीवर कमी वजन असते. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला कामगिरीनुसार गुणांक देतो. एक गुण म्हणजे अर्धा किलो. जॉकी आणि खोगीर धरून वजन कमी भरले, तर शिशाचे तुकडे घालून ते पुरे केले जाते. सगळे घोडे एकाच क्षणी अंतिम रेषेवर यावेत, हा त्यामागचा आदर्श. तो प्रत्यक्षात उतरत नाही, म्हणूनच शर्यतीत रंगत राहते.

वीस शर्यती धावलेल्या प्रौढ घोड्याचे सगळे गुणदोष नोंदलेले असतात. दोनदाच धावलेल्या तीन वर्षांच्या घोड्याचा गुणांक मात्र त्याने काय दाखविले एवढेच सांगतो. त्याच्याजवळ काय शिल्लक आहे, हे सांगत नाही. समजा, असा घोडा १६०० मीटरची शर्यत चार लांबींनी जिंकला. या अंतरावर एक लांबी म्हणजे सुमारे एक किलो, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे तो दुसऱ्या क्रमांकाच्या घोड्यापेक्षा आठ गुणांनी सरस ठरतो. पण दुसरा घोडाही त्या दिवशी प्रथमच धावत असेल तर? ज्या मापाने मोजायचे, तेच माप तपासलेले नाही. शिवाय विजेता जॉकीने जोर लावून जिंकविला की लगाम आवरून, हे आकड्यांत उतरत नाही.

पुण्यात या कोड्याला आणखी दोन पदर आहेत. यातील अनेक घोडे दोन वर्षांचे असताना हिवाळ्यात महालक्ष्मीच्या कोरड्या, टणक हिरवळीवर धावलेले असतात. पुण्यात त्यांची गाठ पावसाने भिजलेल्या मऊ जमिनीशी पडते. दुसरा पदर वयाचा. घोडा कोणत्याही महिन्यात जन्मलेला असो, कागदोपत्री त्याचे वय १ जानेवारीलाच एका वर्षाने वाढते. जानेवारीतील आणि एप्रिलमधील शिंगरू त्यामुळे समवयस्क ठरतात. प्रौढ घोड्यांत या तीन महिन्यांना किंमत नसते; वाढत्या घोड्यात असते.

हँडिकॅपरची पंचाईत येथेच होते. एका विजयावर एकदम वजन वाढविले, तर प्रामाणिक घोडा वरच्या वर्गात जाऊन महिनोन्‌महिने मागेच राहतो आणि मालक त्याचा खर्च सोसत बसतो. वाढ हात राखून केली, तर पुढची शर्यत त्या तबेल्याला आंदण दिल्यासारखी होते. बुकींकडे अशा घोड्याचा भाव पडतो तो बहुधा ट्रेनरच्या लौकिकावर, वंशावळीवर आणि पहाटेच्या सरावाच्या वेळांवर. त्यांतील सरावाच्या वेळा सर्वांत फसव्या असतात, कारण त्या वेळी पाठीवर किती वजन होते, हे वाचकाला ठाऊक नसते. मॉक रेसचे निकाल थोडे बरे. तेथे निदान शेजारी दुसरे घोडे तरी धावतात.

अल्प अनुभव म्हणजे कमी कुवत, असे मानणेही महागात पडते. अमेरिकेतील ‘जस्टिफाय’ दोन वर्षांचा असताना एकदाही धावला नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने पहिली शर्यत लढविली आणि मे महिन्यात, केवळ तीन शर्यतींच्या अनुभवावर, केंटकी डर्बी जिंकली. त्याआधी असा पराक्रम १८८२ मध्ये ‘अपोलो’ने केला होता.

ब्रिटनमध्ये हँडिकॅप गुणांक मिळण्यापूर्वी घोड्याने साधारणपणे तीन शर्यती धावलेल्या असाव्यात, असा दंडक आहे. त्याने माहितीची उणीव थोडी भरून निघते. पण काही ट्रेनर त्या तीन शर्यती घोड्याला न मानवणाऱ्या अंतरावरच उरकतात आणि हलके वजन पदरात पाडून घेतात, ही तेथील जुनी तक्रार आहे.